समुद्राकाठी जायचंय खरं, पण कुठल्या राज्याच्या?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, सासर निपाणीकडचं. नवऱ्याची दारू आणि मारहाण सोसून काही महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन माहेरी आलात. मुलगी तिसरीत आहे. वेंगुर्ल्याजवळ आत्याचं जुनं घर आहे आणि आत्या एकटीच असते. ती म्हणते, ये, दोन खोल्या पर्यटकांना देऊ, जेवणाचं तू बघ. भाऊ म्हणतो, कर्नाटक सोडलंस तर पोटगी गेली, दागिने गेले, उद्या पोरगीपण जाईल. त्यातच नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली आहे की पंधरा दिवसांत नांदायला या. तर जाऊ की नको?

मी बेळगावच्या कोर्टात वकिली करते, आणि माझ्याकडची बरीच कामं अशीच असतात. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत. तेव्हा मारहाणीची कुठे नोंद आहे का, लग्न कुठे लागलं, नवऱ्याची कमाई किती, यावर खाली सांगितलेल्यातलं काही बदलू शकतं. पण भावाच्या म्हणण्याला उत्तर द्यायला एवढी माहिती पुरे आहे. त्यांची काळजी खरी असेल, पण कायदा तसा नाही. राज्याची हद्द ओलांडली म्हणून बायकोचा कुठलाच हक्क बुडत नाही.

खरा प्रश्न जावं की न जावं हा नाहीच. तुमचा पत्ता कुठला असणार, हा आहे. आपल्या भागात तर तो जास्तच महत्त्वाचा, कारण बेळगावहून समुद्राकडे निघालं की माणूस तीन राज्यांपैकी कुठेही पोचतो. शिनोळी, चंदगड करत आंबोली उतरलात तर महाराष्ट्र. चोर्ला किंवा अनमोड उतरलात तर गोवा. जोयड्यावरून अणशी घाटानं कारवार गाठलंत तर पुन्हा कर्नाटकच. नवऱ्याला कुठल्या कोर्टात यावं लागेल, तुमचा जबाब कुठल्या भाषेत लिहिला जाईल, कुठल्या सरकारची योजना मिळेल, हे सगळं त्या पत्त्यावर ठरतं.

आधी नोटिशीचं बघू, कारण तिची भीती तुम्हाला सगळ्यात जास्त वाटतेय. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. पंधरा दिवसांत गेला नाहीत म्हणून पोलीस न्यायला येणार नाहीत. पण म्हणून ती कपाटात टाकून देऊ नका. या नोटिशीच्या पाठोपाठ बहुतेक वेळा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 चा, म्हणजे नांदायला पाठवा असा अर्ज येतो. त्या अर्जात कोणी हजर झालं नाही तर एकतर्फी निकाल होतो, आणि निकालानंतर वर्षभर नांदणं झालं नाही तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. पुष्कळ नवऱ्यांना बायको परत नकोच असते, हा कागद हवा असतो. म्हणून उत्तर द्यायचं, वकिलामार्फत, स्पीड पोस्टानं. घर का सोडलं ते त्यात तारखांसकट सांगायचं. शिव्या नकोत, रडणं नको. कुठल्या महिन्यात काय झालं, कोणी पाहिलं, कुठल्या डॉक्टरकडे गेलात, एवढंच.

तुम्ही नवऱ्याला ‘सोडून गेलात’ असं ते म्हणणारच. कायद्यात त्या आरोपाला वजन यायला सलग दोन वर्षं आणि योग्य कारणाशिवाय दूर राहिल्याचं सिद्ध व्हावं लागतं. मारहाण हे योग्य कारणच आहे. शिवाय नांदायला जाण्याचा निकाल नवऱ्याच्या बाजूनं झाला असला तरी, बायकोकडे न जाण्याचं सबळ कारण असेल तर तिची पोटगी आपोआप बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. हे भावाला जरूर वाचून दाखवा.

आता पत्त्याकडे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम 125 जाऊन नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. नंबर बदलला, गाभा तोच. हा अर्ज नवरा राहतो तिथे करता येतो, दोघं शेवटी एकत्र राहिलात तिथे करता येतो आणि बायको राहते तिथेही. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा त्याहून मोकळा आहे. तुम्ही तात्पुरत्या राहत असाल तिथेसुद्धा, किंवा काम करत असाल तिथेही अर्ज चालतो. घटस्फोटाचा अर्जसुद्धा 2003 च्या दुरुस्तीनंतर बायको स्वतः राहते त्या ठिकाणी करू शकते. सासरी छळ झाल्याची फौजदारी तक्रार, बाई जिथे आसऱ्याला गेली तिथल्या ठाण्यात देता येते, असं सुप्रीम कोर्टानं 2019 मध्येच सांगितलं आहे. म्हणजे उद्या तुम्ही खरोखर वेंगुर्ल्यात राहायला लागलात, तर यातलं प्रत्येक काम सिंधुदुर्गात करता येतं.

‘खरोखर’ हा शब्द मी मुद्दाम घातला. चार दिवस आत्याकडे जाऊन अर्ज टाकायचा आणि परत माहेरी यायचं, हे चालत नाही. उलटतपासणीत पहिले प्रश्न तेच असतात. मुलगी कुठल्या शाळेत आहे? गॅसचं कार्ड कुठलं? बँकेचं पासबुक कुठलं? मतदार यादीत नाव कुठे?

दुसरी गोष्ट, घटस्फोटाचे दोन अर्ज दोन ठिकाणी पडले तर नंतरचा अर्ज आधीच्या कोर्टाकडे वर्ग होतो, मग राज्य कुठलं का असेना. नवऱ्यानं तुमच्याआधी बेळगाव जिल्ह्यात घटस्फोटाचा अर्ज टाकला तर तुमचा वेंगुर्ल्याचा अर्ज इकडे येईल. आणि एका राज्यातली केस दुसऱ्या राज्यात हलवायची तर त्यासाठी सुप्रीम कोर्टातच जावं लागतं. बायकांच्या अशा अर्जांकडे ते कोर्ट सहानुभूतीनं बघतं, पण खर्च आणि वेळ जातोच. त्यामानानं कारवारची गोष्ट सोपी. बेळगाव आणि उत्तर कन्नड दोन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाखाली येतात, त्यामुळे बदलीचा अर्ज धारवाडातच होतो.

मग कारवारच बरं का? तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. कारवारात कोकणी-मराठी बोलणारे भरपूर आहेत, बोलायची अडचण येणार नाही, शक्ती योजनेचा मोफत बस प्रवास चालू राहील, रेशन कार्ड हलवायला नको. पण तिथे तुमचं माणूस कोणी नाही. आणि कोर्टाचे कागद तिथेही कन्नडात किंवा इंग्रजीतच होणार. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. बाई मराठीत बोलते, लिहिणारा कन्नडात लिहितो, ती खाली सही करते, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत कळतं की तिनं म्हटलं एक, उतरलं भलतंच. वेंगुर्ल्याच्या कोर्टात स्वतःचा जबाब तुम्ही स्वतः वाचू शकाल. याची किंमत पैशात होत नाही. गोव्याचं म्हणाल तर कामधंदा जास्त, पण भाडी परवडत नाहीत, आणि तिथे कौटुंबिक बाबतीत पोर्तुगीज काळापासूनची वेगळी नागरी संहिता चालते. इकडच्या लग्नाचा घटस्फोट तिथे नेऊन गुंता वाढवण्यात अर्थ नाही.

म्हणून माझं मत वेंगुर्ल्याकडे झुकतं. फक्त जायच्या आधी इथली तीन-चार कामं उरका, कारण ती घाट उतरल्यावर दुप्पट कठीण होतात.

पहिलं काम दागिन्यांचं. लग्नात तुम्हाला दोन्हीकडून मिळालेलं सगळं तुमचं स्त्रीधन आहे. ते सासूच्या कपाटात असलं तरी मालकी तुमची, सासू नुसती राखणदार. हिंसाचाराच्या कायद्याखाली ते परत मिळवण्याचा हुकूम होतो. पण काय काय होतं हे आधी दाखवावं लागतं. सराफाच्या पावत्या शोधा, निदान त्या दुकानाच्या वहीतला उतारा मागा. लग्नाचे फोटो काढून कुठल्या फोटोत कुठला दागिना दिसतो ते वहीत लिहा. आपल्याकडे लग्नात देवाणघेवाणीची यादी करतात, दोन्हीकडच्या सह्या असतात. ती यादी वडिलांच्या नाहीतर मामांच्या ट्रंकेत कुठेतरी असणारच.

दुसरं, मारहाणीचे कागद. दवाखान्याचा केसपेपर, ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच, शेजारणीला पाठवलेले मेसेज. मेसेज असलेला फोन विकू नका की फॉरमॅट करू नका. ठाण्यात काही दिलं नसेल तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, म्हणजे सीडीपीओंकडे जा. कर्नाटकात संरक्षण अधिकाऱ्याचं काम त्यांच्याकडेच असतं. ते घटनेचा अहवाल बनवतात आणि तो पुढे कोर्टात उपयोगी पडतो. तेही जमत नसेल तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यात बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच त्याची चौकशी करता येते.

तिसरं, मुलीची शाळा. दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात राज्याबाहेर जाणाऱ्या मुलांसाठीसुद्धा हेच आहे. खानापूरच्या मराठी शाळेतून वेंगुर्ल्याच्या मराठी शाळेत गेली तर तिला फारसं जड जाणार नाही. भाऊ म्हणतो पोरगी जाईल. आईनं मुलीला सोबत नेणं हा गुन्हा नाही. ताब्याचा दावा मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालतो, आणि कोर्ट मुलीचं हित बघतं. पण नवऱ्याला मुलीशी फोनवर बोलू देणं बंद करू नका. त्याचा राग आला तरी नको. बापाला तोडलं असं एकदा चित्र झालं की मग ते पुसायला फार वेळ जातो. नवरा दारू पिऊन फोनवर धमक्या देत असेल तर ती गोष्ट वेगळी. मग फोनची वेळ ठरवून द्या आणि बोलणं रेकॉर्ड करा.

आता आत्याच्या घराबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कायद्याची पुस्तकं चाळणाऱ्या वकिलांना घाटाखालच्या घरांची कल्पना नसते. कोकणातलं जुनं घर बहुतेक वेळा एकट्याचं नसतं. आत्या राहते म्हणून घर आत्याचं असं धरू नका. सातबारा काढा, घरपट्टी कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीत बघा. यजमानांचे भाऊ, त्यांची मुलं, मुंबईला असलेले पुतणे अशी सहहिस्सेदारांची लांब यादी निघाली तर नवल नाही. वर्षभर कोणी फिरकत नाही, आणि गणपतीला सगळे चाकरमानी एकाच वेळी येऊन उतरतात. त्या दिवसांत तुमच्या पर्यटकांच्या दोन खोल्या कुठे जाणार? आणि खोल्या चालायला लागल्या, चार पैसे दिसले, की ज्यांनी दहा वर्षांत कौल फिरवलं नाही त्यांनाही हिस्सा आठवतो.

म्हणून आत्याचा शब्द खरा असला तरी कागद करा. ज्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत त्यांची लेखी संमती आणि तुमच्या नावानं लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठराविक मुदतीसाठी वापरायला दिल्याचा करार. महाराष्ट्रात असा करार, अकरा महिन्यांचा असला तरी, लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो. बेळगावात आपण बॉन्डवर लिहून नोटरी करून मोकळे होतो, ती सवय तिथे नको. हा करार दोन कामं करतो. हिस्सेदारांपासून तुमचं संरक्षण होतं, आणि वर म्हटलेल्या उलटतपासणीत ‘खरोखर’ राहण्याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा असतो. आत्याला वाईट वाटेल, घरच्या पोरीनं कागद मागितला म्हणून. समजावून सांगा की कागद नवऱ्याच्या वकिलासाठी हवाय. ते खोटंही नाही.

पैशाचा अंदाज हंगामावर बांधा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, पर्यटक येत नाहीत, आणि घाटात दरड आली की बेळगावची गिऱ्हाइकंही बंद. दिवाळी ते मे एवढ्यात जे मिळेल त्यावर वर्ष काढायचं. म्हणून करार करण्याआधी एकदा जुलैत जाऊन राहून या. गळती कुठे आहे, वीज किती वेळ जाते, सगळं तेव्हाच दिसतं. विहिरीचं पाणी मात्र मे महिन्यात चाखून बघा, किनाऱ्याजवळच्या विहिरी तेव्हा मचूळ होतात. जेवणाचं काम मात्र मला आशेचं वाटतं. शनिवार-रविवारी तिथे बेळगाव-कोल्हापूरच्या गाड्या खूप दिसतात, आणि त्यातल्या निम्म्या घरांत एक तरी माणूस मासे न खाणारं असतं. त्याला कोणी धड जेवायला घालत नाही. उलाढाल छोटी असेल तर अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरते. ती पहिल्याच दिवशी करा.

मग प्रश्न येतो की कमवायला लागले तर पोटगी जाईल का. कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष पुरेसं कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोर्टांनी अनेकदा सांगितलंय. थोडी कमाई असली तरी पोटगी मिळते, रक्कम कमी-जास्त होते. पण लपवू नका. 2020 पासून दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, आणि आजकाल खोलीचे पैसे यूपीआयनं येतात, बँकेचं स्टेटमेंट मागवलं की सगळं उघड. हंगामातली कमाई आणि बिनहंगामातला शिमगा दोन्ही वहीत दिसू द्या. मुलीची पोटगी वेगळी मागा, ती तुमच्या कमाईनं संपत नाही. आणि हुकूम झाल्यावर नवरा पैसे देत नसेल तर गप्प बसू नका. थकलेल्या हप्त्याच्या वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो. उद्या देईल, परवा देईल म्हणत वर्ष उलटलं की तेवढा हप्ता वॉरंट काढून वसूल करता येत नाही. वेंगुर्ल्याला गेलेली बाई पावसामुळे, मुलीच्या परीक्षेमुळे हे टाळत राहते, म्हणून आत्ताच सांगते.

एक नको वाटणारी गोष्टही सांगायला हवी. एकटी बाई, समुद्रकाठचं घर, पाहुणे येतात-जातात, एवढ्यावर समोरची बाजू काय काय रचेल याची कल्पना तुम्हाला असेलच. मी असे फोटो कोर्टात दाखल झालेले पाहिलेत ज्यात बाई गिऱ्हाइकाला चहा देतेय, बाकी काही नाही. पाहुण्यांचं रजिस्टर ठेवा, ओळखपत्राची प्रत घ्या, आत्या घरात राहते हे शेजाऱ्यांना माहीत असू द्या. घाबरून धंदा बंद ठेवायची गरज नाही. रजिस्टर असलं की ते फोटो उलट तुमच्या कष्टाचा पुरावा होतात.

सरकारी पैशाबद्दल एवढंच की दोन्ही राज्यांतून घेण्याचा मोह नको. गृहलक्ष्मी, म्हणजे कर्नाटक सरकारचे महिन्याचे दोन हजार, इथल्या रेशन कार्डावर आहे, तेही कुटुंबप्रमुख बाईच्या नावानं, म्हणजे सासरच्या कार्डावर नाव असेल तर ते दोन हजार सासूला मिळत असणार. लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता आणि घटस्फोटित बायका बसतात, पण महाराष्ट्राचा रहिवास दाखवावा लागतो, आणि तुमचा जन्म, लग्न दोन्ही कर्नाटकातलं, त्यामुळे लगेच मिळेल असं धरून हिशेब मांडू नका. आधी सासरच्या कार्डावरून स्वतःचं आणि मुलीचं नाव कमी करून घ्या, मग पुढचं.

घाई कशाची आहे आणि कशाची नाही तेही सांगते. नोटिशीचं उत्तर याच आठवड्यात जाऊ द्या. त्याच वकिलाकडून ई-कोर्टच्या अॅपवर नवऱ्याच्या नावानं काही दाखल झालंय का ते बघून घ्या, कारण समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेलं तर तुम्हाला कळणारच नाही. नवीन पत्ता झाला की तो समोरच्या वकिलाला लेखी कळवा. लपून राहण्यासारखा जिवाचा धोका असेल तरच नको, आणि तसं असेल तर ते वकिलाला स्पष्ट सांगा, म्हणजे कोर्टाला आधी कल्पना देता येईल. पोटगीचा अर्ज इथे टाकायचा की तिथे, हे तुम्ही शाळेच्या नव्या वर्षाला जाणार की त्याआधी यावर ठरवा. जायला अजून पाच-सहा महिने असतील तर आत्ताच खानापुरात टाका, कारण पोटगी साधारण अर्जाच्या तारखेपासून धरतात आणि ते महिने फुकट घालवण्यात काही शहाणपण नाही. पुढे तारखांना आंबोली घाटातून यावं लागेल, पण प्रत्येक तारखेला तुमची गरज नसते. जबाब आणि उलटतपासणी सोडली तर वकील सांभाळतो, आणि कोर्टाची परवानगी घेऊन काही वेळा व्हिडिओवरूनही हजर राहता येतं. महिन्याभरात जाणार असाल तर मात्र तिथेच टाका, नोंदणी केलेला करार आणि शाळेचा दाखला हातात आल्यावर.